संगणकाच्या पोटातला आवाज

संगणकावर चाललेले एखादे व्याख्यान, परदेशी राहणाऱ्या नातवाशी दर रविवारी होणारे संभाषण, किंवा आकाशवाणीच्या एखाद्या केंद्रावरून इंटरनेटच्या मार्गाने येणारी मैफल कायमची जतन करून ठेवावी अशी इच्छा मनात आली, म्हणजे आपल्याकडील बहुसंख्य गृहस्थ खिशातला मोबाइल बाहेर काढतात, त्यातले रेकॉर्डिंगचे बटण दाबतात, तो संगणकाच्या स्पीकरसमोर टेबलावर ठेवतात आणि घरातील लहानथोरांना तासभर गप्प बसण्याची सक्त ताकीद देतात. ताकीद पाळलीही जाते. परंतु छताचा पंखा, स्वयंपाकघरातला कुकर आणि खालून जाणारा भंगारवाला यांना ती लागू नसल्यामुळे, पुढे ते मुद्रण ऐकावयास बसले असता बुवांच्या समेवर नेमकी कुकरची शिट्टी येते, आणि भिंतींवरून परतलेल्या प्रतिध्वनीमुळे बुवांचा आवाजही पोकळ व दूरचा वाटू लागतो. भरलेली घागर अंगणात उपडी करावी आणि मग तेच पाणी ओंजळीने पुन्हा घागरीत भरू लागावे, त्यातलाच हा प्रकार. जो आवाज टिपावयाचा तो संगणकात आधीपासूनच विद्यमान आहे. त्याला हवेत सोडून पुन्हा पकडण्याची मुळीच गरज नाही.

वस्तुतः तेथे तो आवाज म्हणून नांदत नसतोच; त्याचे अस्तित्व केवळ अंकांच्या रूपाने असते. हवेच्या दाबातील चढउताराचे माप सेकंदाला ४४,१०० वेळा घ्यावे आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांच्या पट्टीवर नोंदवावे, अशी जी पद्धत १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कने रूढ केली, तीच थोड्याफार फरकाने आजच्या संगणकातही चालते. सेकंदाला ४८,००० मापे हा त्यांतला सर्वांत प्रचलित फरक होय. मनुष्याच्या कानाची झेप फार तर सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंत असते आणि त्याच्या दुपटीहून अधिक मापे घेतली म्हणजे मूळ ध्वनी पुन्हा जसाच्या तसा उभा करता येतो, या गणितावर या आकड्यांची निवड झालेली आहे. संगणकात एकाच वेळी चालू असलेले निरनिराळे प्रोग्राम आपापले अंक ऑपरेटिंग सिस्टीमच्या हवाली करतात, ती त्यांची बेरीज करून एकच प्रवाह सिद्ध करते, तो प्रवाह एका लहानशा चिपकडे जातो, तेथे अंकांची वीज होते, आणि त्या विजेने स्पीकरचा पडदा हलला की मग कोठे आपण ज्याला आवाज म्हणतो ती वस्तू जन्मास येते. ही बेरीज झाल्यानंतर आणि चिपकडे रवानगी होण्यापूर्वी त्या अंकांची एक नक्कल काढून फाइलीत ठेवण्याची तजवीज केली, की काम झाले. त्या नकलेत पंखाही नसतो आणि कुकरही नसतो.

जुन्या पिढीला यात नवल वाटू नये. पुणे केंद्रावरून १९५५ च्या रामनवमीला गीतरामायणाचे प्रसारण सुरू झाले आणि पुढे वर्षभर आठवड्यास एक याप्रमाणे नवे गीत महाराष्ट्राने कान टवकारून ऐकले, त्या काळी घरोघरी टेपरेकॉर्डर असण्याचे दिवस अद्याप दूर होते, आणि ऐकणाऱ्याच्या स्मरणशक्तीखेरीज दुसरे दप्तर घरात नव्हते. पुढे कॅसेट आली, आणि रेडिओ व कॅसेटचे यंत्र एकाच पेटीत बसविलेला 'टू-इन-वन' मध्यमवर्गीय दिवाणखान्यात मानाने विराजमान झाला. त्या पेटीचा खरा गुण असा की, रेडिओ चालू असताना 'प्ले' आणि 'रेकॉर्ड' या दोन कळा एकदम दाबल्या, म्हणजे रेडिओचा आवाज पेटीतल्या पेटीत तारेवाटे टेपवर उतरत असे. माइकचा त्यात संबंधच नसे, आणि घरात कोणी कितीही मोठ्याने भांडले तरी त्या भांडणाची नोंद कॅसेटवर होत नसे. जे काम त्या पेटीने दोन कळांत केले, ते आजच्या अनेक पटींनी सामर्थ्यवान संगणकात सहजासहजी सापडत नाही, ही गोष्ट निर्मात्यांना फारशी भूषणावह आहे असे मला वाटत नाही.

आरंभी स्थिती अशी नव्हती. संगणकात निराळे साउंड कार्ड बसविण्याच्या काळात क्रिएटिव्ह या सिंगापूरच्या कंपनीच्या साउंड ब्लास्टर मालिकेतील अनेक कार्डांत 'व्हॉट यू हिअर' या नावाची, आणि इतर कंपन्यांच्या कार्डांत 'स्टिरिओ मिक्स' या नावाची सोय उघड्यावर असे. मात्र २००७ साली विंडोज व्हिस्टा आली तेव्हापासून ही सोय मुळात बंद व नजरेआड ठेवण्याचा रिवाज पडला. गाणी फुकटात उतरवून घेतली जातील या भयाने हे झाले, असे लोक बोलतात. मला त्याहून साधे कारण अधिक पटते: माइकऐवजी चुकून 'स्टिरिओ मिक्स' निवडले गेले, तर फोनवर पलीकडे बोलणाऱ्याला स्वतःचाच आवाज क्षणभराने परत ऐकू येऊ लागतो, आणि तो त्रस्त होऊन संगणक विकणाऱ्याकडे तक्रार घेऊन जातो. कारण कोणतेही असो, सोय नाहीशी झालेली नाही. अनेक यंत्रांत ती जागच्या जागी आहे आणि तिच्यावर केवळ पडदा टाकलेला आहे.

हा पडदा दूर करण्यासाठी कीबोर्डवरील विंडोजची कळ आणि 'आर' हे अक्षर एकत्र दाबावे, उघडलेल्या लहान चौकटीत रोमन लिपीत एम-एम-एस-वाय-एस, मग टिंब, मग सी-पी-एल असे टंकावे आणि एंटर दाबावे. विंडोजच्या नव्या आवृत्त्यांत वरवरचा साज कितीही बदललेला असला, तरी ही जुनी 'साउंड' नावाची खिडकी अद्यापि रुजू आहे. तीत 'रेकॉर्डिंग' या भागात गेले असता बहुधा एकटा माइकच दृष्टीस पडतो. यादीतील मोकळ्या जागेवर माउसचे उजवे बटण दाबून 'शो डिसेबल्ड डिव्हायसेस' या ओळीवर खूण केली, की यंत्रात ही सोय असेल तर 'स्टिरिओ मिक्स' हे नाव करड्या, पुसट अक्षरांत, खाली वळलेल्या लहान बाणासह प्रकट होते. त्यावर पुन्हा उजवे बटण दाबून 'एनेबल' म्हणावे. मग एखादे गाणे लावून त्या नावाच्या उजवीकडील उभ्या पट्टीकडे पाहावे: गाण्याच्या चढउताराबरोबर तीत हिरव्या रेघा वरखाली होऊ लागल्या, तर आवाज येथवर पोहोचला अशी खातरजमा झाली, आणि कोणत्याही ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्रामात माइकच्या जागी 'स्टिरिओ मिक्स' निवडून काम सुरू करण्यास हरकत नाही.

परंतु या सोयीची एक मर्यादा अशी आहे की, ती न जाणल्यामुळे पुष्कळांचे तास वाया जातात. 'स्टिरिओ मिक्स' ही त्या विशिष्ट साउंड चिपच्या कारभारातील सोय असल्यामुळे, जो आवाज त्या चिपमधून जाईल तेवढाच तिला कळतो. ब्लूटूथचा हेडफोन, यूएसबीचा हेडफोन किंवा एचडीएमआयच्या केबलने जोडलेला टीव्ही यांतून आवाज ऐकत बसलात, तर कानाला सारे उत्तम ऐकू येत असता फाइलीत मात्र निखळ शांतता उतरते, कारण तो प्रवाह निराळ्याच वाटेने निघून गेलेला असतो. शिवाय पुष्कळ लॅपटॉपांत ही सोय निर्मात्याने मुळातच दिलेली नसते; तेथे करडी अक्षरेही दिसत नाहीत आणि कितीही शोधले तरी दिसणार नाहीत.

म्हणून माझा कौल दुसऱ्या मार्गाला आहे. ज्या व्हिस्टाने जुनी सोय पडद्याआड केली तिनेच 'वासापी' या लघुनामाने ओळखली जाणारी नवी ध्वनिव्यवस्था आणली, आणि तीत 'लूपबॅक' नावाची अशी मुभा ठेवली की, आवाज चिपमधून जावो, ब्लूटूथमधून जावो की टीव्हीकडे जावो, त्या त्या वाटेवर निघालेल्या बेरजेची नक्कल विंडोजकडून थेट मागून घेता यावी. ही मुभा वापरणारा सर्वांत सुलभ प्रोग्राम म्हणजे ऑडॅसिटी. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी १९९९ साली त्याचा आरंभ केला, २००० साली तो लोकांच्या हाती आला, आणि आजही तो विनामूल्य मिळतो. त्यातील 'ऑडिओ सेटअप' या बटणाखाली 'होस्ट' म्हणून 'विंडोज वासापी' निवडावे आणि 'रेकॉर्डिंग डिव्हाइस' म्हणून ज्या नावाच्या शेवटी 'लूपबॅक' हा शब्द आहे ते नाव निवडावे. स्पीकर व हेडफोन दोन्ही जोडलेले असतील तर अशी नावे दोन दिसतील. ज्यातून प्रत्यक्ष ऐकत आहात त्याचेच नाव घ्यावे. लाल बटण दाबताच पडद्यावर निळसर तरंगांची आकृती उजवीकडे सरकू लागते.

येथे नवख्या मनुष्यास हमखास बुचकळ्यात टाकणारी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. कोणताही प्रोग्राम आवाज पाठवीत नसेल तर लूपबॅकमधून अंकही येत नाहीत, आणि म्हणून लाल बटण दाबूनही मुद्रणाचा काटा जागेवरच थबकलेला दिसतो. हा बिघाड नव्हे. गाणे सुरू होताच काटा चालू लागतो. त्यामुळे आधी मुद्रण सुरू करावे आणि मग गाणे लावावे, म्हणजे आलापाचा पहिला स्वर हुकत नाही. याची दुसरी बाजू अशी की, मध्ये गाणे थांबविले तर तेवढा काळ फाइलीत नोंदलाच जात नाही. कार्यक्रमाची वेळ घड्याळाशी पडताळून पाहणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. ऑडॅसिटीत 'सॉफ्टवेअर प्लेथ्रू' नावाची एक सोय आहे, ती मात्र या कामी कटाक्षाने बंद असावी. अन्यथा टिपलेला आवाज पुन्हा स्पीकरकडे जातो, तेथून पुन्हा टिपला जातो, आणि त्या चक्रातून प्रतिध्वनींचा असा कल्लोळ माजतो की मूळ गाणे त्यात ओळखू येत नाही.

आवाज किती मोठा ठेवावा, हा प्रश्न वाटतो तितका गौण नाही. अंकांच्या पट्टीला वरची मर्यादा असते; ऑडॅसिटीच्या मापकावर ती शून्य डेसिबलने दाखविलेली असून, त्याखालचे सर्व आकडे ऋण असतात. मर्यादा ओलांडू पाहणारा तरंग तेथे सरळ छाटला जातो, आणि छाटलेल्या तरंगाचा कर्कश चरचराट पुढे कोणत्याही उपायाने समूळ निघत नाही. म्हणून ज्या प्रोग्रामात गाणे वाजत आहे त्याचीच आवाजपट्टी थोडी खाली आणून, मापकाचे उच्चतम टोक ऋण ६ डेसिबलच्या आसपास राहील असे पाहावे. मागाहून आवाज वाढविता येतो. आणखी एक बंदोबस्त आवश्यक आहे. बेरजेत संगणकातले सगळेच आवाज येतात, हे वर सांगितलेच. तेव्हा नवा ईमेल आल्याची 'टिंग' आणि संदेशांची किणकिण हीही निष्ठेने नोंदली जातात. कुकरपासून सुटलेला मनुष्य ईमेलच्या तावडीत सापडू नये, यासाठी मुद्रणापुरता ब्राउझर सोडून बाकीचे सर्व प्रोग्राम बंद करावे आणि सूचनांचे आवाज मिटवून ठेवावे.

संभाषणाचे मुद्रण करू इच्छिणाऱ्यांसाठी मात्र एवढ्याने भागत नाही. आजोबा नागपुरात आणि नात न्यू जर्सीत असे असता, आजोबांच्या संगणकाच्या स्पीकरमधून बाहेर पडतो तो केवळ नातीचा आवाज. आजोबांचा स्वतःचा आवाज माइकमधून थेट पलीकडे रवाना होतो, त्यांच्या स्पीकरकडे तो फिरकतच नाही. अर्थात लूपबॅकने केलेल्या मुद्रणात निम्मेच संभाषण सापडते, आणि नात एकटीच हसत व 'हो, हो' म्हणत असल्याचे चमत्कारिक दृश्य कानांसमोर उभे राहते. यावर उपाय ओबीएस स्टुडिओ या दुसऱ्या विनामूल्य प्रोग्रामात आहे: तो 'डेस्कटॉप ऑडिओ' म्हणून संगणकाचा आवाज आणि 'माइक' म्हणून बोलणाऱ्याचा आवाज असे दोन्ही एकदम घेतो, आणि 'ट्रॅक' वेगळे नेमून दिले तर फाइलीतही स्वतंत्र ठेवतो. कानांवर हेडफोन असावा, म्हणजे नातीचा आवाज स्पीकरमधून निघून पुन्हा माइकमध्ये शिरणार नाही.

ॲपलच्या मॅकवर 'स्टिरिओ मिक्स'सारखी उघड सोय कधीच नव्हती; तेथे ब्लॅकहोल नावाचे विनामूल्य आभासी उपकरण बसवावे लागते आणि 'ऑडिओ मिडी सेटअप'मध्ये स्पीकर व ब्लॅकहोल यांचे मिळून एक 'मल्टी-आउटपुट डिव्हाइस' करावे लागते, नाहीतर सगळा आवाज ब्लॅकहोलच्या पोटात जातो आणि आपल्याला काहीच ऐकू येत नाही. लिनक्सची रचना या बाबतीत मला सर्वांत प्रामाणिक वाटते. तेथे पल्सऑडिओच्या व्यवस्थेत आवाज बाहेर जाण्याच्या प्रत्येक वाटेबरोबर 'मॉनिटर' या नावाचा एक टिपण्याजोगा स्रोत आपोआप हजर असतो, कोणी काही दडविलेले नसते. 'पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल'च्या 'रेकॉर्डिंग' भागात तो निवडता येतो; मात्र त्या भागात प्रोग्रामचे नाव मुद्रण चालू असतानाच दिसते, सबब लाल बटण आधी दाबावे आणि स्रोत मग बदलावा.

ज्यांच्याकडे जुना डेस्कटॉप आहे आणि ज्यांना या निवडींचा कंटाळा आहे, त्यांच्यासाठी दोन्ही टोकांना साडेतीन मिलिमीटरचे जॅक असलेली साधी केबल अजून उपयोगी पडते. संगणकाच्या पाठीमागील पोपटी छिद्रातून आवाज बाहेर येतो, फिकट निळ्या छिद्रातून आत घेतला जातो. दोन्ही जोडले की झाले. तेथेच शेजारी असलेल्या गुलाबी छिद्राच्या मोहात पडू नये. ते माइकच्या क्षीण विजेसाठी असल्यामुळे आलेला आवाज अनेक पटींनी वाढविते, आणि मुद्रण फाटते.

फाइल कोणत्या प्रकारे साठवावी याविषयी अनेकांच्या समजुती चुकीच्या असतात. वर सांगितलेल्या ४४,१०० मापांच्या हिशेबाने दोन कानांचा आवाज 'वेव्ह' फाइलीत मिनिटाला सुमारे साडेदहा मेगाबाइट, म्हणजे तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट जागा घेतो. १२८ किलोबिटांची 'एमपी-थ्री' तोच तास ५८ मेगाबाइटांच्या आत बसविते, परंतु त्यासाठी ध्वनीतील पुष्कळ भाग कायमचा गाळून टाकते. इंटरनेटवरून आलेला आवाज बहुधा आधीच असा गाळलेला असतो. त्याला मोठ्या फाइलीत ठेवल्याने गेलेले परत येत नाही, आणि पुन्हा एमपी-थ्री केल्याने दुसऱ्यांदा गाळणी लागते. ज्या मुद्रणाचे मोल असेल ते 'फ्लॅक' या प्रकारात ठेवावे. त्यात एकही अंक गळत नाही आणि जागा मात्र वेव्हच्या निम्म्याच्या आसपास लागते. अर्थात जो कार्यक्रम प्रसारकाने स्वतःच डाउनलोडसाठी ठेवला आहे, त्याचे असे मुद्रण करीत बसणे हा निव्वळ वेळेचा अपव्यय होय.

आता कायद्याविषयी. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ खासगी वा वैयक्तिक उपयोगासाठी, संशोधनासह, कृतीच्या वाजवी वापरास मोकळीक देते. ध्वनिमुद्रिकेवरील हक्क ती प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. म्हणजे घरी ऐकण्यासाठी एखादे व्याख्यान टिपणे ही एक बाब, आणि तेच व्याख्यान आपल्या नावाने यूट्यूबवर चढविणे ही सर्वस्वी निराळी बाब. काही सेवा आपला आवाज अशा संरक्षणाखाली पाठवितात की लूपबॅकला त्या जागी केवळ शांतता मिळते. हक्कभंगाच्या हेतूने असे संरक्षण मोडणे हा २०१२ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम ६५-अ प्रमाणे दोन वर्षांपर्यंतच्या कैदेस आणि दंडास पात्र असा अपराध आहे. आणि कोणाशी बोलताना मुद्रण करावयाचे असेल तर त्या व्यक्तीला आधी सांगावे. कायद्याचा कीस काढण्यापेक्षा हे सोपे आहे, आणि सभ्यतेलाही धरून आहे.

विंडोज वापरणाऱ्या वाचकाने ऑडॅसिटी घेऊन लूपबॅकचाच मार्ग धरावा, आणि खऱ्या कार्यक्रमापूर्वी अर्ध्या मिनिटाचे मुद्रण करून ते ऐकून पाहावे, म्हणजे पुढील सर्व मनस्ताप टळतो. आणि एक विनंती आहे. मुद्रण संपताच त्या फाइलीला कार्यक्रमाचे नाव, बोलणाऱ्याचे किंवा गाणाऱ्याचे नाव, केंद्र आणि तारीख यांचा निर्देश करणारे नाव मराठीतच द्यावे; देवनागरीतील फाइलनावे आजचा प्रत्येक संगणक बिनतक्रार स्वीकारतो.